बगीच्यातला दिवा, कुपाटीपलीकडच्या बाया

परवा माझ्या नातवानं अंगणातल्या कुंड्यांमध्ये सहा सौरदिवे खोचले आणि मला म्हणाला, आजी, आता याचे फायदे-तोटे सांग. त्याला वाटलं, म्हातारी आहे, दोन शब्द कौतुकाचे बोलेल आणि गप्प बसेल. मी म्हटलं, बस खाली. बगीच्यातल्या दिव्याचा माझ्याइतका अनुभव या जिल्ह्यात कुणाला नसेल.

फायदे उघड आहेत. ऊन आमच्या बुलढाणा जिल्ह्यात फुकट मिळतं आणि नको तेवढं मिळतं. ते कुणाच्या कामी आलं तर बरंच आहे. वायर नाही म्हणून शॉक नाही, आणि लाइन गेली तरी हे बापडे आपले जळत राहतात. तोटे म्हणाल तर आभाळ आलं की रुसून बसतात, उजेड इतका बेताचा की त्यात स्वतःची चप्पल ओळखू येत नाही, आणि आतला सेल मेला की नुसता दांडा कुंडीत उभा राहतो. पण माझ्या मते खरा तोटा वेगळाच आहे. अंधार पडला की हे दिवे आपले आपण लागतात. त्यांना बटण नाही, आणि ज्याला विचारावं असा लावणारा माणूसही नाही. दिवा लावण्याआधी तिथला अंधार कुणाला हवा होता का, हे विचारावं लागतं. हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकले, तेही पोटुशी असताना. नातवाला सांगायला घेतलं तर अर्ध्यातच तो मोबाइल पाहायला लागला, म्हणून पूर्ण इथं सांगते.

माझं माहेर नांदुऱ्याचं. कापसाच्या गाड्या, रेल्वेच्या शिट्ट्या आणि घरोघरी विजेचे दिवे, असं गाव. आमच्या घरी मागच्या दाराला टोपलीचा संडासही होता. तो उपसायला येणाऱ्या बाईचं तोंड आम्ही कधी नीट पाहिलं नाही, हा आमचा निर्लज्जपणा वेगळा. पण सोय होती, आणि सोयीत वाढलेल्या माणसाला सोय दिसत नाही. लग्न होऊन मी गेले मेहकर तालुक्यात, जानेफळपासून दोन कोसांवरच्या खेड्यात. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायचे, ते सांगायचे की आपण घराचा उंबरठा न ओलांडता तीन राज्यं फिरलो, आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, आता महाराष्ट्र, पण हातातला कंदील काही सुटला नाही. मग एका उन्हाळ्यात गावात खांब आले, तारा आल्या, आणि दिवाळीच्या आधी वीज आली.

मामाजींना दोन नाद होते. एक बगीच्याचा. घरामागं न्हाणीच्या पाण्यावर त्यांनी मोगरा, गुलाब, जास्वंद, चार डाळिंबं आणि एक चिकूचं झाड वाढवलं होतं. चिकूला फळ कधी आलं नाही, पण मामाजी त्याच्याशी पाहुण्यासारखं वागायचे. दुसरा नाद फायदे-तोटे लिहिण्याचा. घरात काहीही ठरवायचं झालं की ते दगडी पाटी मांडीवर घ्यायचे, मधोमध रेघ मारायचे, डावीकडं फायदे आणि उजवीकडं तोटे. बैल घ्यायचा असो की विहिरीचा गाळ काढायचा असो, पाटीशिवाय पान हलत नव्हतं. माझं स्थळ आलं तेव्हाही पाटी भरली होती म्हणे. फायद्यांत लिहिलं होतं, सातवी पास, अक्षर चांगलं, घराणं चांगलं. तोट्यांत लिहिलं होतं, नांदुऱ्याची आहे, बोलते. फायदे एकानं जास्त भरले म्हणून मी त्या घरात आले, नाहीतर त्या घरात एखादा बैल आला असता.

वीज आल्यावर पुढच्या खोलीत एक आणि स्वयंपाकघरात एक असे दोन बल्ब लागले. मामाजींचं तेवढ्यानं भागेना. अकोल्याला एका वकिलाच्या बंगल्यात त्यांनी बगीच्यात दिवा पाहिला होता, तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यात बसला होता. पाटी निघाली. फायदे: पहाटे देवाची फुलं तोडता येतील, विंचूकाटा दिसेल, रात्री डाळिंबं चोरणारे बिचकतील, गावाची शोभा वाढेल. तोट्यांच्या रकान्यात नुसतं ‘किडे’ एवढंच लिहिलं गेलं. गावातल्याच वायरमननं सागाचा खांब पुरला, वर ताटाएवढी पांढरी टोपी बसवली आणि तिच्यात मोठा बल्ब. बटण मागच्या ओसरीच्या भिंतीला. पहिल्या संध्याकाळी मामाजींनी बटण दाबलं तेव्हा जास्वंदीची फुलं न्हाऊन आल्यासारखी दिसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माहेरचा उजेड सासरी आल्यासारखा वाटला.

आता त्या बगीच्याच्या मागं काय होतं ते सांगायला हवं. मागं होती काट्यांची कुपाटी, म्हणजे कुंपण, आणि कुपाटीपलीकडं पडीक जमीन, बेशरमच्या झुडपांनी भरलेली. ती आमच्या आळीतल्या बायांची गोदरी. म्हणजे बाया परसाकडं जायच्या ती जागा. घरोघरी संडास हा प्रकार तेव्हा आमच्या गावात कुणाच्या स्वप्नातही नव्हता. बायांच्या वेळा दोनच, झुंजूमुंजू व्हायच्या आधीची आणि दिवेलागणीनंतरची. मधले बारा तास पोट आपल्या ताब्यात ठेवायचं. हे मला नव्यानं शिकावं लागलं, आणि स्वयंपाकापेक्षा ते जड गेलं. पण तिथं एक मजाही होती. दिवसभर डोक्यावर पदर घेऊन मुक्या राहणाऱ्या सुना त्या अंधारात खुलून बोलायच्या. कोणाची सासू कशी, कोणाचा नवरा काय बरळतो, सगळं गावाचं राजकारण तिथं बसल्या जागी चालायचं. मामाजींच्या पाटीपेक्षा खरे निकाल तिथं लागायचे.

तिथला एक कायदा होता. कच्च्या रस्त्यावरून एसटी वळली आणि तिचा उजेड पडीकावर आला की सगळ्याजणी लोटे हातात घेऊन उठून उभ्या राहायच्या, शाळेत मास्तर आल्यावर पोरं उठतात तशा. तोंड पलीकडं करायचं, पदर ओढायचा, एसटी गेली की पुन्हा बसायचं. त्यात लाज होती आणि एक प्रकारची इभ्रतही होती. उभी असलेली बाई कुठंतरी निघाली आहे असं धरलं जायचं, तिला कुणी काही विचारायचं नाही.

एसटी तरी निघून जायची. मामाजींचा दिवा कुठं जाणार होता? तो दिवेलागणीला लागायचा आणि त्यांची झोपायची वेळ होईपर्यंत जळायचा. पहाटे चारला फुलांसाठी पुन्हा लागायचा. दोन्ही वेळा बरोब्बर धरल्या होत्या. त्याचा उजेड कुपाटी ओलांडून पार बेशरमच्या शेवटच्या झुडपापर्यंत जायचा. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी सवयीनं उठून उभ्या राहिलो आणि उभ्याच राहिलो. कुणीतरी हसली. मग कुणीच हसली नाही. शेवटी नाल्याकडं चालत गेलो, तिकडं बाभळीचे काटे, गोटे आणि पाण्यातला साप. मग रोजचं तेच झालं, आधी दिवा विझतो का म्हणून तिथंच वाट पाहत उभं राहायचं, नाहीतर नाला.

मामाजी बगीच्यात आरामखुर्ची टाकून बसायचे. चष्मा जाड, तरी लांबचं धूसर दिसायचं. कुपाटीपलीकडं पंधरा-वीस बाया ओळीनं उभ्या आहेत एवढं त्यांना कळलं, आणि त्यांची समजूत झाली की बाया जाता-येता थांबून दिवा पाहतात. बाया तिकडून कुठं जातात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्याकडच्या सभ्य पुरुषानं जन्मभर त्या दिशेला मान वळवलेली नसते, आणि विचार तर मुळीच वळवलेला नसतो. ते मनापासून खूश झाले. दुसऱ्या दिवशीपासून बाया दिसल्या की खुर्चीतून उठून, लांबूनच दोन्ही हात जोडून रामराम घालू लागले. पलीकडून उत्तर येत नव्हतं. ते त्याला बायांचा विनय समजायचे. पाटीवर फायद्यांच्या रकान्यात एक ओळ वाढली, गावच्या बाया रोज पाहायला येतात.

आम्ही उभ्या, ते उभे, मध्ये कुपाटी आणि वर शंभराचा बल्ब. माझ्या शेजारी माझी सासू उभी असायची, तिला मी आत्याबाई म्हणायचे. एक दिवस ती पदराआडून पुटपुटली की लग्नाला छत्तीस वर्षं झाली, या माणसानं मले हात जोडले ते आता, अन् तेही अशा वेळी. मी तिथंच खाली बसले असते इतकं हसू आलं, पण बसायचीच तर बंदी होती.

हसू फार दिवस टिकलं नाही. दिवा लागला तेव्हा मला पाचवा महिना होता. सातवा लागेपर्यंत थंडी पडली होती, पाय सुजले होते, आणि दर थोड्या वेळानं जावं लागायचं. नाल्याची वाट चढ-उताराची. एकदा ओल्या गोट्यावरून पाय सरकला आणि मी गुडघ्यावर आपटले. पोटाला काही झालं नाही, पण मी फार घाबरले. त्या दिवसानंतर मी एक उपाय काढला. दुपारनंतर पाणी प्यायचं नाही. मग सकाळीही नाही. भाकरी कोरडी खायची, ताकाला हात लावायचा नाही. पाणी आत गेलं नाही तर बाहेर कुठून येणार, असं माझं सातवी पास गणित होतं. आठवड्याभरात लघवीला आग व्हायला लागली, ताप चढला. जानेफळहून नर्सबाई आल्या, त्यांनी हात पाहिला, पोट पाहिलं आणि चिडून म्हणाल्या की पोरीला पाणी का देत नाही, असंच चाललं तर पोर दिवस भरायच्या आत येईल आणि हाती लागणार नाही. आत्याबाई माझ्याकडं पाहत होत्या. दोघींनाही कारण ठाऊक होतं, आणि दोघीही मूग गिळून बसलो.

कुणी सांगायचं? सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. काही हवं असलं तर भिंतीला सांगायचं आणि भिंतीनं त्यांना. आत्याबाईंनी आपल्या परीनं प्रयत्न केला. एकदा म्हणाल्या, उजेडानं झाडांना झोप येत नाही. मामाजींनी चिकूकडं पाहून सांगितलं की हा तं आधीपासूनच जागा आहे. मग म्हणाल्या, वरणात किडे पडतात. मामाजींनी वरणावर झाकण ठेवायला सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याकडून कुणी निरोप पाठवला की दिव्यामुळं कोंबडा भलत्या वेळी आरवतो. त्यावर पाटीवर तोट्यांच्या रकान्यात नुसतं एक टिंब पडलं. सगळं गाव तोटे सांगत होतं, खरा तोटा सोडून. माझा नवरा मेहकरला शाळामास्तर, शनिवारी यायचा. त्याला मी रडून सगळं सांगितलं. तो छताकडं पाहत म्हणाला की बाबांना हे सांगायचं कसं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो निघून गेला. पोरांना तो व्याकरण शिकवायचा, आणि ते बरं शिकवायचा म्हणे.

वायरमन मात्र शहाणा निघाला. त्याचं घर आमच्या आळीच्या टोकाला, त्याची अम्मी आणि बायकोही त्याच गोदरीला यायच्या. एक दिवस दिवा लागला नाही. मामाजींनी त्याला बोलावलं, त्यानं खांबावर चढून डोकं खाजवलं, माल हलका आहे चाचा, सांगून गेला. दोन संध्याकाळ अंधार, आमची दिवाळी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. जाताना ओसरीजवळून मला हळूच म्हणाला, भाभी, महिन्यातून चार दिवस अंधार मी देतो, जास्त दिले तं काम जाईल. पण मामाजी पडले चिकाटीचे. त्याचं पाहून ते स्वतः फ्यूज बांधायला शिकले आणि फ्यूजची तार पानाच्या चंचीत बाळगू लागले.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की एक दिवा पुरत नाही. बाया इतक्या लांबून पाहतात, त्यांना नीट दिसत नसेल. दुसरा खांब कुपाटीलाच लावायचा, टोपीचं तोंड बाहेरच्या बाजूला. हे आत्याबाईंनी स्वयंपाकघरात येऊन सांगितलं आणि चुलीपुढं बसल्या. मला त्या दिवशी ताप होता. मी म्हटलं, आज सांगाच. त्या उठल्या, पदर सावरला, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन भाकरी थापायला लागल्या. म्हणाल्या, तोंड उघडत नाही पोरी, छत्तीस वर्षांत याच्यासाठी तोंड कधी उघडलंच नाही. मला त्यांचा राग आला. मग त्यांनी थापलेली भाकरी परातीतच मोडली, पुन्हा गोळा केला आणि पुन्हा थापायला घेतली, तेव्हा राग गेला.

दिवेलागण झाली होती आणि खांबावरचा दिवा लागला होता. बाहेर मामाजी, दोन शेजारी म्हातारे आणि मांडीवर पाटी. वायरमन कुपाटीजवळ पहारीनं खड्डा खणत होता, जमेल तितका हळू. मी चहाचे कप घेऊन गेले, ठेवले आणि परत फिरले नाही. पदर कपाळापर्यंत ओढून उभी राहिले. मामाजींनी वर पाहिलं नाही. रीतीप्रमाणे हवेला विचारलं की सूनबाईला काही पाहिजे का. कुपाटीपलीकडं बाया जमायला लागल्या होत्या. मामाजी उठले, हात जोडायला लागले.

“मामाजी, त्या दिवा पाहाले उभ्या नाही राहत,” मी म्हटलं.

त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. दोघे म्हातारे एकदम चहात डोकावून पाहू लागले. पहार थांबली.

“मंग काऊन उभ्या राह्यतात?” मामाजींनी विचारलं. खरंच विचारलं. त्या आवाजात राग नव्हता, त्यामुळंच मला पुढचं बोलता आलं.

“उजेडात बसता येत नाही म्हून. दोन महिने झाले. मीबी त्याईच्यातच असते. आत्याबाईबी असतात.” मग तापामुळं की कशामुळं, पण मी तेही बोलून गेले. “म्हून मी पाणी पेत नाही.”

मामाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला आणि कुपाटीपलीकडं पाहिलं. बाया ओळीनं उभ्या होत्या, तोंडं पलीकडं, प्रत्येकीच्या हातात लोटा. ते लोटे त्यांना आज दिसले असावेत. जोडलेले हात तसेच छातीशी राहिले होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले.

“अन् मी तं त्याईले रोज रामराम घालत होतो,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. ते ओसरीपर्यंत चालत गेले आणि बटण वर केलं. अंधार इतका अचानक झाला की त्यांना परत खुर्ची सापडेना. वायरमननं पहार टाकली आणि त्यांचा हात धरला. शेजारचे म्हातारे रामराम न घालताच निघून गेले. कुपाटीपलीकडं एकेक करून बांगड्या वाजत खाली गेल्या.

मी आत आले. आत्याबाई दाराआड उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माठातलं पाणी तांब्याभर काढून माझ्या हातात दिलं. मी ते उभ्यानंच, श्वास न घेता, तळ दिसेपर्यंत प्यायले आणि म्हटलं, अजून द्या.